उंची बरोबर, वजन चूक : 1975 ची ओल्ड्समोबाइल वॅगन आणि 27 फुटी ट्रेलर

प्रकरण

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वायव्य कोपऱ्यात, कोलोरॅडो नदीकाठच्या बुलहेड सिटीजवळ राहणारं एक निवृत्त जोडपं. त्यांच्याकडे 1975 ची ओल्ड्समोबाइल कस्टम क्रूझर आहे. तीन रांगांची स्टेशन वॅगन, 455 घनइंचांचं म्हणजे जवळपास साडेसात लिटरचं व्ही-8 इंजिन आणि टर्बो-हायड्रामॅटिक 400 हा तीन गियरचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स. गाडी नवऱ्याच्या वडिलांनी कोरी घेतलेली, त्यामुळे ती विकायचा विषयच घरात निघत नाही. तिच्या मागे जोडायला 1970च्या दशकातला एअरस्ट्रीम ओव्हरलँडर हा राहण्याचा ट्रेलर, 27 फूट लांब, दोन ॲक्सलचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. उन्हाळ्यात नदीकाठी पारा 120 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 49 सेल्सिअसच्या आसपास जातो. तेव्हा हा फिरता संसार ओढत 7,000 फुटांवरच्या फ्लॅगस्टाफच्या पाइनच्या जंगलात जायचं, असा त्यांचा बेत.

बेत पहिल्याच उन्हाळ्यात अडला. ताशी 60 मैलांच्या, म्हणजे सुमारे 97 किलोमीटरच्या पुढे गेलं की ट्रेलर झोला मारायला लागायचा. मोठा ट्रक शेजारून गेला की झोला वाढायचा आणि तो गाडीच्या शेपटापर्यंत पोचायचा. स्टिअरिंग हातात हलकं लागायचं, वळवलं तरी गाडी क्षणभर ऐकायची नाही. आणि घाट चढून गेल्यावर गियरबॉक्सचं तेल लालचं तपकिरी झालेलं, वास करपल्याचा. एका वर्कशॉपने निकाल दिला : एवढ्या जुन्या मोटारीने एवढा ट्रेलर ओढायचा नसतो, पिकअप घ्या.

मी सस्पेन्शनच्या कामातला माणूस, म्हणून ओळखीतून हे प्रकरण माझ्याकडे आलं. निकाल ऐकून मला राग आला होता, हे लपवत नाही. तो निकाल काहीही न मोजता दिलेला होता. अशा गाड्यांबद्दल दोन्ही बाजूंनी लोक ठामपणे बोलतात. एक म्हणतो, पूर्वी सगळे असंच ओढायचे, काही होत नाही. दुसरा म्हणतो, मोटारीने ओढणं म्हणजे मरण. गाडी काट्यावर कोणीच घालत नाही.

ही गाडी होती कोणत्या कामाची

आज अमेरिकेत जड ट्रेलर म्हटला की पुढे पिकअप किंवा मोठी एसयूव्ही असणार, हे गृहीत धरलेलं असतं. 1960 आणि 70 च्या दशकात तसं नव्हतं. एअरस्ट्रीमसारखे मोठे ट्रेलर घेऊन निघालेल्या कुटुंबांच्या पुढे मोठ्या सेडान आणि वॅगन सर्रास असत : ब्युइक, ओल्ड्समोबाइल, क्रायस्लर, कॅडिलॅक. कारण सोपं आहे. या गाड्यांचा सांगाडा वेगळा, त्यावर बॉडी वेगळी बसवलेली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. दोन ॲक्सलमधलं अंतर भरपूर. कस्टम क्रूझरमध्ये ते 127 इंच, म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास आहे. 1971 ते 76 या काळातल्या जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगनना मागे कमानपाटे होते, त्याच घराण्यातल्या सेडानना कॉइल स्प्रिंग.

मग हे का संपलं? गाड्यांना ओढता येईना म्हणून नव्हे. 1973 चं तेलसंकट आलं, 1975 मध्ये अमेरिकी काँग्रेसने इंधन-सरासरीचा कायदा केला आणि 1978 च्या मॉडेलपासून प्रवासी मोटारींना गॅलनला सरासरी 18 मैलांची अट लागली. हलक्या ट्रकना वेगळा, सैल नियम मिळाला. जनरल मोटर्सने 1977 लाच मोठ्या गाड्या आटवल्या, कस्टम क्रूझरचं 127 इंच अंतर 116 वर आलं. ओढण्याचं काम हळूहळू ट्रककडे सरकलं. या परंपरेतली शेवटची मोठी वॅगन म्हणजे ब्युइक रोडमास्टर इस्टेट. 1996 साली बंद होईपर्यंत ती ओढकामाच्या खास पॅकेजसह 5,000 पौंडांसाठी मान्य होती.

आमच्या गाडीला एक छोटा फायदा आणखी होता, तो सांगायलाच हवा. या पिढीच्या वॅगनचं मागचं दार शिंपल्यासारखं दोन भागांत नाहीसं होतं. काच वर छतात जाते, खालचा पत्रा फरशीखाली सरकतो. त्यामुळे ट्रेलर जोडलेला असतानाही मागचं दार पुरतं उघडतं, ट्रेलरच्या जॅकला आपटत नाही. रोज ज्यांना असं सामान काढायचं असतं त्यांना याची किंमत कळते.

काट्यावर

महामार्गावरच्या ट्रकतळांवर तीन पट्ट्यांचा वजनकाटा असतो. पुढचा ॲक्सल एका पट्टीवर, मागचा दुसऱ्या, ट्रेलरचे ॲक्सल तिसऱ्या. चिठ्ठी 20 पौंडांच्या टप्प्याने छापून येते. आधी नुसती गाडी घेतली, टाकी भरलेली, दोघं आत, त्यांचं रोजचं सामान मागे.

पुढे 2,760 पौंड, मागे 2,920. एकूण 5,680 पौंड, म्हणजे अडीच टनांहून थोडी जास्त.

मग ट्रेलर जोडून, ते नेहमी जसे निघत तसंच. पुढे 2,520, मागे 3,640, ट्रेलरच्या चाकांवर 5,420. बेरीज 11,580 पौंड, सव्वापाच टन. यातून गाडी वजा केली की ट्रेलर 5,900 पौंडांचा निघतो आणि त्यातले फक्त 480 पौंड गाडीच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्याला अडकवतात त्या मागच्या गोळ्यावर टेकलेले. हे प्रमाण आठ टक्के होतं. मध्यभागी चाकं असलेल्या अशा ट्रेलरला नाकावर, म्हणजे बॉलवर टेकणाऱ्या पुढच्या टोकावर, 10 ते 15 टक्के वजन लागतं. ट्रेलर उलाळ होता. बैलगाडीत मागे पोती जास्त झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला बघतं, तोच प्रकार, फक्त ताशी 60 मैलांनी.

हे आकडे बघताना माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. पुढच्या चाकांवरून 240 पौंड गेले होते. आणि गाडीकडे बघितलं तर ती सरळ, सपाट उभी! हेडलाइट आभाळाकडे नाहीत, मागचा बंपर खाली नाही. एवढं वजन मागे बसूनही गाडी बसलेली का दिसत नाही, ते खाली वाकून बघितल्यावर कळलं. मागे हवेचे शॉक ॲब्सॉर्बर लावलेले होते आणि त्यांत हवा ठासून भरलेली.

झालं होतं ते असं. पहिल्यांदा ट्रेलर जोडला तेव्हा गाडी मागून बसली. मालकांनी ती एका दुकानात दाखवली. तिथे हवेचे शॉक लावून गाडी उचलून दिली, आणि आता लागत नाहीत म्हणून ट्रेलरबरोबर आलेले वजन वाटणारे जुने स्प्रिंग-बार काढून गॅरेजमध्ये ठेवायला सांगितले. सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे.

हवेचा शॉक बॉडी उचलतो. वजन हलवत नाही. बॉल मागच्या ॲक्सलच्या 66 इंच मागे आहे, दोन ॲक्सलमध्ये 127 इंच. बॉलवर जेवढं वजन टेकेल, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पुढच्या चाकांवरून उचललं जाणार, आणि मागच्या चाकांवर बॉलचं वजन अधिक ते उचललेलं असं दोन्ही मिळून बसणार. तरफेचा हा हिशोब आहे, शॉकमध्ये किती हवा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं होतं आणि पुढच्या डिस्क ब्रेकची पकड कमी होते. या गाडीत मागे ड्रम आहेत, थांबवण्याचं मोठं काम पुढच्या डिस्कच करतात. गाडी बसलेली दिसली असती तर मालकांनी काहीतरी केलं असतं. शॉकने दुखणं तसंच ठेवून फक्त लक्षण पुसून टाकलं.

आता जरा नाजूक भाग. ट्रेलरचं नाक हलकं म्हणून झोला येतो, तर नाक जड करायला हवं. नाक जड केलं की पुढची चाकं आणखी हलकी होणार. म्हणजे एकटं एक दुरुस्त करता येत नाही. आम्ही आधी सामान हलवलं. मागच्या बंपरवर रॅक होती, तिच्यावर जनरेटर, दोन सायकली आणि हत्यारांची पेटी, मिळून 190 पौंड. ते सगळं ट्रेलरच्या आत, ॲक्सलच्या पुढे आलं. मागच्या पलंगाखालचे डबे, पाण्याचे कॅन, ओतीव लोखंडाची भांडी पुढच्या कपाटात गेली. ट्रेलरचं एकूण वजन तेच, नाकावर मात्र 720 पौंड. बारा टक्के.

हवा सोडून, बार न लावता परत काट्यावर गेलो. पुढे 2,380, मागे 4,020, ट्रेलरवर 5,180. पुढून 380 पौंड गेले. मागच्या दोन टायरची, 235/75 आर 15 या मापाची, एकत्रित क्षमता 35 पीएसआय हवेला 4,078 पौंड. म्हणजे क्षमतेच्या काठावर. आणि आता गाडी खरंच मागून बसलेली दिसत होती. मालकीणबाई म्हणाल्या, हे तर आधीपेक्षा वाईट झालं. त्या क्षणी त्यांचं बरोबरच होतं.

मग गॅरेजमधले बार आले. वजन वाटणारी जोडणी म्हणजे बॉलच्या खालच्या डोक्यात बसवलेले दोन जाड स्प्रिंग-बार, मागच्या टोकांना साखळ्या, साखळ्या ट्रेलरच्या ए-आकाराच्या चौकटीला टांगून ताणायच्या. बार वाकतात आणि बॉलपाशी गाडीचं शेपूट वर उचलण्याचा जोर तयार होतो. त्यामुळे मागच्या ॲक्सलवरचं वजन काही पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातं. साखळीची एकेक कडी बदलत काट्यावर पुन्हापुन्हा घातलं. शेवटी ठरलेली चिठ्ठी : पुढे 2,580, मागे 3,740, ट्रेलरवर 5,260. पुढून गेलेल्या 380 पौंडांपैकी 200 परत आले, मागच्या टायरवरून 280 उतरले.

मालकांना उरलेले 180 सुद्धा परत हवे होते. जुन्या माहितीपुस्तिकांत सल्ला असायचा की पुढचा आणि मागचा बंपर सारखेच खाली आले पाहिजेत, आणि कित्येक जण पुढचं वजन पूर्ण परत येईपर्यंत साखळी ताणतात. मी निम्म्यावर थांबलो, आजच्या काही कंपन्यांच्या पुस्तिकाही निम्मंच सांगतात. बार जास्त ताणले की मागच्या टायरवरचं वजन घटतं, पण ट्रेलरचं आडवं ढकलणं घटत नाही. अचानक वळसा घ्यावा लागला तर मागची चाकं आधी सुटतात आणि गाडी ट्रेलरपुढे चाकूसारखी मिटते. थोडंसं हलकं स्टिअरिंग त्यापेक्षा पुष्कळ परवडलं.

जोडणीचं नवं रिसीव्हर, म्हणजे बॉलची दांडी जिच्यात बसते ती चौकट, सांगाड्याला बोल्टने बसवलेलं होतं. त्याच्या पत्र्यावर दोन क्षमता कोरल्या होत्या. बार नसताना 5,000 पौंडांचा ट्रेलर आणि नाकावर 500, बार असताना 10,000 आणि 1,000. ज्या दिवशी बार गॅरेजमध्ये गेले त्या दिवसापासून 5,900 चा ट्रेलर मर्यादेबाहेर होता, आणि ते वाक्य बंपरखाली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं.

झोला

नाक जड केल्यावर आणि रॅक रिकामी केल्यावर झोला बहुतेक गेला. का गेला, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

प्रत्येक ट्रेलरला बॉलभोवती डावी-उजवीकडे डोलायची एक स्वतःची चाल असते. वाऱ्याचा धक्का बसला की तो डोलतो आणि टायरचं घर्षण ते डोलणं विझवतं. वेग वाढेल तसं हे विझवणं दुबळं होत जातं, आणि एका वेगानंतर डोलणं विझण्याऐवजी वाढत जातं. तो वेग किती, हे वजन कुठे ठेवलंय यावर ठरतं. टोकाला ठेवलेलं 190 पौंड नाकाचं वजन घटवतंच, शिवाय ट्रेलरला फिरण्याची जडता देतं. एकदा डोलायला लागला की थांबायला जास्त वेळ लागतो. म्हणून वजन ॲक्सलच्या जवळ आणि थोडं पुढे, हा नियम नुसत्या नाकाच्या टक्केवारीपेक्षा मोठा आहे. मागच्या बंपरवर शंभर पौंड आणि ते भरून काढायला पुढे नाकापाशी शंभर पौंड, असा समतोल साधणारे लोक मी पाहिलेत. टक्केवारी बरोबर येते, डोलणं वाईट होतं.

गाडीकडून दोन गोष्टी विरुद्ध दिशांनी ओढत होत्या. 127 इंचांचं लांब अंतर फायद्याचं. 66 इंचांचं लांब शेपूट तोट्याचं, कारण ट्रेलरच्या आडव्या धक्क्याला तेवढी तरफ मिळते. वॅगनचं शेपूट छाटता येत नाही, पण बॉल धरणारी दांडी गरजेपेक्षा चार इंच लांब होती ती आखूड घेतली. म्हणजे आता 62. वरच्या चिठ्ठ्या 66 च्याच आहेत, नंतरच्या चिठ्ठीत पुढे आणखी थोडं वजन आलं. टायर त्याच मापाचे, पण जास्त भाराचे घेतले, मागच्यांत हवा वाढवली. उंच, मऊ कडेचा टायर कमी हवेत बाजूला लोळतो, आणि झोला तिथूनच सुरू होतो.

झोला आलाच तर काय करायचं, हे दोघांनाही रिकाम्या मैदानात करून दाखवलं. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, वेग वाढवून सरळ करायला जायचं नाही, स्टिअरिंगने पाठलाग करायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि ब्रेक कंट्रोलरच्या हातदांड्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागून ताणला गेला की दोरी ताठ झाल्यासारखा ओळीत येतो. मालकीणबाईंनी हे पटकन उचललं. मालकांचा पाय सवयीने ब्रेककडेच जायचा.

चढ

बुलहेड सिटीपासून किंगमनच्या दिशेने निघालं की राज्य महामार्ग 68 वर युनियन पासपर्यंतचा चढ लागतो. वाहनधंद्यात हा डेव्हिस डॅमचा घाट म्हणून जगभर माहीत आहे. कारण 2008 साली आलेलं जे2807 हे ओढक्षमता तपासण्याचं मानक याच रस्त्याच्या 11.4 मैलांवर बेतलेलं आहे. तीन हजार फुटांच्या आसपास चढाई, सरासरी पाच टक्के, काही ठिकाणी सात. बाहेर 100 अंश फॅरनहाइट, एसी चालू, पूर्ण भाराने ताशी 40 मैलांखाली यायचं नाही. त्याआधी कंपन्या आपापल्या पद्धतीने आकडा जाहीर करायच्या. 1975 च्या गाडीने ही परीक्षा कधी दिलेली नाही. पण आमच्या जोडप्याच्या घराबाहेर पडण्याचा रस्ताच हा, त्यामुळे परीक्षा टळणार नव्हती.

इंजिन पुरेल का? 1970 मध्ये याच घनफळाच्या ओल्ड्समोबाइल इंजिनाच्या जाहिरातीत 365 हॉर्सपॉवर लिहिलेलं सापडतं, 1975 च्या कागदावर 190. अर्धी ताकद गेली असं वाटून लोक हळहळतात. ताकद काही प्रमाणात गेलीच, कॉम्प्रेशन उतरलं, प्रदूषणाचे नियम आले. पण 1972 पासून मोजण्याची रीतही बदलली. आधी पंखा, एक्झॉस्ट वगैरे काढून उघड्या इंजिनाची ताकद सांगत, नंतर गाडीत बसवलेल्या स्थितीतली.

सहा टक्के चढावर सव्वापाच टन ताशी 45 मैलांनी न्यायला मागच्या चाकांपाशी साधारण 120 हॉर्सपॉवर लागतात. त्यातला सुमारे सत्तर टक्के जोर निव्वळ वजन वर उचलण्यात जातो, बाकी हवा आणि टायर. आता गियर बघा. या गाडीच्या मागच्या ॲक्सलचं प्रमाण 3.23. तिसऱ्या गियरमध्ये 45 मैलांना इंजिन जेमतेम 1,740 फेऱ्यांवर असतं आणि तिथे सगळा टॉर्क घेतला तरी फ्लायव्हीलवर 115 च्या आसपासच हॉर्सपॉवर निघतात. लागणार त्यापेक्षा कमी, आणि त्यातूनही गियरबॉक्स आपला वाटा खाणार. दुसऱ्या गियरमध्ये तोच वेग 2,570 फेऱ्यांवर, आणि इथे 160 च्या वर मिळतात.

मालक तिसऱ्यातच चढत होते. दुसऱ्यात इंजिन ओरडतं, त्याला त्रास होतो, असं त्यांना मनापासून वाटायचं. प्रत्यक्षात त्रास गियरबॉक्सला होत होता. या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गियर यांच्यात तेलाने चालणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि त्याला आजच्यासारखा लॉक नाही. कमी फेऱ्यांवर जास्त ओढ पडली की तो घसरतो, आणि घसरण्यात गेलेली सगळी ताकद तेलाच्या उष्णतेत जाते. तेलाच्या तापमानात दर 20 अंश फॅरनहाइटची वाढ झाली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. करपल्या वासाचं उत्तर तेवढंच होतं.

गियरबॉक्स उघडावा लागला नाही. पॅन काढली, त्यात नेहमीचा करडा गाळ होता, धातूचे चुरे नव्हते. तेल आणि गाळणी बदलली, रेडिएटरच्या पुढे वेगळा ऑइल कूलर बसवला. तेल आधी रेडिएटरच्या टाकीतून, मग या कूलरमधून, मग परत गियरबॉक्सला. पॅनमध्ये तापमापक लावला, त्याचा काटा डॅशबोर्डवर. रेडिएटरच्या पंख्याचा क्लच गरम झाल्यावरही नीट पकडत नव्हता, तोही बदलला.

आणखी एक बारीक गोष्ट कार्बोरेटरच्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी. माथ्यावर पोचल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. पंखा आणि पाणी फिरायचं थांबतं, इंजिनाची सगळी उष्णता कार्बोरेटरकडे चढते, पेट्रोल उकळतं आणि मग गाडी अर्धा तास चालू होत नाही. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ही खोड जास्त आहे. पाच मिनिटं न्यूट्रलला जरा वाढत्या फेऱ्यांवर चालू ठेवायची, मग काय थांबायचं ते थांबा.

सगळं झाल्यावर सकाळी लवकर, 90 अंशांत, दुसऱ्या गियरमध्ये घाट चढलो. ताशी 45 मैल सहज टिकले. गियरबॉक्सच्या तेलाचा काटा 215 ला जाऊन थांबला, किंगमन येईपर्यंत 190 च्या खाली आला.

उतार

चढाची चर्चा सगळे करतात कारण तिथे गाडी तक्रार करते. उताराला गाडी गप्प असते आणि खरा धोका तिथे आहे.

युनियन पासवरून परत नदीकाठी उतरायचं म्हणजे सव्वापाच टन तीन हजार फुटांवरून खाली. त्या उंचीतली ऊर्जा 13 युनिट विजेएवढी भरते. हवा आणि टायरचं घर्षण त्यातला काही भाग घेतात, उरलेली सगळी इंजिनने किंवा ब्रेकने पचवायची. ब्रेक सतत हलकेच दाबून ठेवले तर ड्रम तापतात, ताणून फाकतात, लायनर गुळगुळीत होतात आणि पेडल खाली जायला लागतं. म्हणून ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, माथ्यावरूनच दुसरा लावून. वेग 45 च्या वर गेला की ठाम दाबून 35 वर आणायचा, पूर्ण सोडायचं, ड्रमना श्वास घेऊ द्यायचा.

ट्रेलरचे विजेचे ब्रेक तपासले तेव्हा या प्रकरणातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट सापडली, आणि तिची तक्रार कोणी केलेलीच नव्हती. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक चुंबक असतं. वीज मिळाली की ते फिरत्या ड्रमच्या पत्र्याला चिकटतं, ओढलं जातं आणि त्याची दांडी ब्रेकचे बूट फाकवते. 12 व्होल्टला एका चुंबकाला सुमारे तीन अँपिअर लागतात, चार चाकांना बारा. मीटर लावला तर सहा. दोन चाकांचे ब्रेक मुके होते, एका बाजूची वायर ॲक्सलच्या नळीत घासून तुटलेली. 5,900 पौंडांचा ट्रेलर अर्ध्या ब्रेकवर, आणि उरलेलं थांबवायला हलक्या झालेल्या पुढच्या चाकांवरच्या डिस्क. चारही चुंबकं नवी घातली, बॅटरीपासून मागेपर्यंत जाड वायर टाकली, गाडीच्या मंदावण्यानुसार जोर ठरवणारा आजचा कंट्रोलर बसवला. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी पिन ओढून पाहिली. तिची छोटी बॅटरी मेलेली निघाली.

यावर झालेला खर्च त्यांच्या सगळ्या दुरुस्तीत सर्वांत कमी होता.

काय ठरलं

गाडी राहिली, पिकअप घेतला नाही. पण काही गोष्टी कोणत्याही साखळीने भरून निघत नाहीत. या गाडीत एअरबॅग नाहीत, अँटिलॉक ब्रेक नाहीत, घसरल्यावर सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. ॲरिझोनाच्या मोकळ्या महामार्गावर ताशी 75 मैलांची मुभा आहे आणि आजचे पिकअप ट्रेलरसह तेवढ्याने जातात. ट्रेलरच्या खास टायरना, वेगळं लिहिलेलं नसेल तर, 65 मैलांचीच मर्यादा असते, हे त्यांच्यापैकी कितींना माहीत आहे याची मला शंका आहे. आमच्या जोडप्यासाठी कमाल वेग 58 ठरला, उजव्या लेनमधून. फ्लॅगस्टाफला बर्फ पडायच्या आधी खाली यायचं. दुपारी घाट चढायचा नाही.

ट्रेलरचं वजन 6,000 पौंडांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असंही ठरलं. यावर मालकांशी थोडा वाद झाला. त्यांना सौरऊर्जेसाठी दोन मोठ्या बॅटऱ्या घालायच्या आहेत, आणि जागा मोकळी झाली म्हणून त्या मागच्या रॅकवर. त्या ॲक्सलच्या जरा पुढे, फरशीत बसतील असा खण मी आखून दिला आहे, आणि त्यांच्या वजनाएवढं दुसरं काय उतरवायचं याची यादी मालकीणबाई करत आहेत. ओतीव लोखंडाच्या भांड्यांवर अजून एकमत नाही. बॅटऱ्या बसल्या की पुन्हा काट्यावर जायचं आहे, तीनही चिठ्ठ्या नव्याने काढायला.